लिनक्सची विभागीय चौकशी

दादरच्या ज्या वाचनालयाची मी कित्येक वर्षं सभासद आहे, तिथे निवृत्तीनंतर मी एक फुकटचं काम अंगावर घेतलं. जुन्या दिवाळी अंकांची सूची संगणकावर टाइप करायची. समाजसेवा वगैरे काही नाही. नवरा दिवसभर टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडतो आणि त्या भांडणात मी त्याच्या बाजूने बोलावं अशी त्याची अपेक्षा असते, म्हणून परळच्या घरातून दुपारचं कुठेतरी निघणं भाग होतं.

टाइपिंग हे माझं पोटापाण्याचं काम. एकतीस वर्षं मी सरकारी कार्यालयात लघुलेखक होते. शेवटची बरीच वर्षं विभागीय चौकश्यांवर गेली. कुणा कर्मचाऱ्यावर आरोप आला की चौकशी अधिकारी बसायचे, साक्षीदार यायचे, आणि ते बोलतील तो शब्द न् शब्द मी शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायचे. त्या कामाचा एकच नियम होता: साक्षीदार जे म्हणाला ते लिहायचं, त्याला काय म्हणायचं होतं ते लिहायचं नाही.

वाचनालयात सभासदांसाठी चार संगणक आहेत. ते इतके म्हातारे झाले की नेहमीच्या सिस्टिमची नवी आवृत्ती त्यांना झेपेना. तेव्हा आमच्या ग्रंथपालांनी चारही संगणकांवर लिनक्स ही दुसरी सिस्टिम चढवली. ग्रंथपाल पन्नाशीचे, सडपातळ, खिशाला तीन पेनं. नाटकवेड्या माणसाला नाटकाबद्दल बोलायला जसं निमित्त लागत नाही, तसं त्यांना लिनक्सबद्दल लागत नाही. पुस्तक बदलायला आलेल्या आजोबांनाही ते सांगायचे, "हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. मुक्त म्हणजे फुकट नव्हे." आजोबांना शेवटून दुसरा शब्द तेवढा ऐकू जायचा आणि ते खूश होऊन घरी जायचे.

पहिल्याच आठवड्यात माझ्या खिडक्या पळाल्या. तीनशेच्या आसपास नोंदी टाइप करून झाल्या होत्या. फाइल साठवायची म्हणून मेनूवर माऊस नेला. मेनू डावीकडे वर. माझा हात टाइपरायटरवर तयार झालेला, त्यामुळे जरा जोरात जातो. माऊस कोपऱ्यात गेला मात्र, स्क्रीनवरच्या सगळ्या खिडक्या आक्रसून मधोमध गोळा झाल्या, हळदीकुंकवाला फोटो काढताना बायका होतात तशा. मी काहीही दाबलं नव्हतं. घाबरून पुन्हा कोपऱ्यात गेले, तर त्या आपापल्या जागी परतल्या. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मी ग्रंथपालांना हाक मारली.

"मॅडम, ते फीचर आहे," ते प्रेमाने म्हणाले. "त्या कोपऱ्यात माऊस नेला की उघड्या असलेल्या सगळ्या खिडक्या एकदम दिसतात."

"पण मला बघायच्या नव्हत्या."

"मग कोपऱ्यात जायचं नाही."

"मेनू कोपऱ्याच्या बाजूलाच आहे, सर."

"जरा नीट बघून माऊस चालवा ना. सवयीचा भाग आहे."

एकतीस वर्षांत साहेबांनी मला पुष्कळ बोलून घेतलं, पण 'नीट बघून काम करा' असं कुणी म्हणालं नव्हतं. मी म्हटलं, "हे तुमचं सॉफ्टवेअर मुक्त आहे म्हणता. मग ते बनवणाऱ्यांना सांगायची सोय असेलच की."

"आहे ना! जगभरातले लोक सुचवतात. तुम्हीही सुचवा," ग्रंथपाल म्हणाले. त्यांना वाटलं, हिच्याने काय होतंय.

मी घरी जाऊन रीतसर पत्राचा मसुदा केला. इंग्रजीत, वर विषय, खाली संदर्भ, मग 'आदरणीय महोदय, सविनय सादर करण्यात येते की'. चौदा सूचना, अ, ब, क करून. कोपऱ्याची होतीच. पान वरखाली करायची बाजूची सरकपट्टी भुवईएवढी बारीक आहे आणि माऊस जवळ नेईपर्यंत दिसतच नाही, ही होती. मेनूच्या जागी तीन आडव्या रेघा आहेत, त्या मेनूच्या आहेत हे कुणी ठरवलं, आमच्याकडे तीन आडव्या रेघा शंकराच्या कपाळावर असतात, हीही होती. खिडकी खाली सारायचं बटणच नाही, ही तर मी अधोरेखित केली होती. हा डेस्कटॉप, म्हणजे स्क्रीनवरची मांडणी, बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळावर सूचना नोंदवायची जागा असते, तिथे ते पत्र जसंच्या तसं चढवलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर: एका नोंदीत एकच सूचना द्यावी. बरं. मी चौदा नोंदी केल्या, चौदाही वेळा आदरणीय महोदय. आठवड्याच्या आत त्यातल्या अकरा बंद झाल्या. काहींवर शेरा होता, 'ठरवल्याप्रमाणेच चालत आहे.' काहींवर, 'हे आधीच कुणीतरी सुचवलेलं आहे.' मी ती आधीची नोंद शोधून काढली. तीही बंद होती, कारण तेही त्याआधी कुणीतरी सुचवलं होतं. ती त्याआधीची नोंद उघडली, तर ती जुनी झाली म्हणून बंद. मी सरकारी नोकरीत आयुष्य काढलं, पण फाइल इतकी सुंदर फिरलेली आमच्याकडेही पाहिली नव्हती. कौतुकच वाटलं.

कोपऱ्याच्या नोंदीखाली मात्र एकाने विचारलं होतं, हे मत तुमचं एकटीचं आहे, की इतरांनाही हा त्रास होतो? पुरावा असल्यास जोडावा.

पुरावा! इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या भाषेत बोललं होतं.

मी ग्रंथपालांना म्हटलं, "सर, चौकशी लावू या."

"कोणाची?"

"तुमच्या लिनक्सची. पाच माणसं बसवू. प्रत्येकाला तीन कामं. सूची उघडायची, त्यात आपलं नाव लिहून फाइल साठवायची आणि संगणक बंद करायचा. मी बाजूला बसून ते बोलतील ते लिहून घेते."

त्यांना कल्पना आवडली. पाचातले चार तरी पास होतील अशी त्यांना खात्री होती. मी एकच अट घातली, त्यांनी मागे खुर्चीत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. ही अट त्यांनी हसत मान्य केली. ते हसू शेवटचं.

दुपारी एक ते चार देवघेव बंद असते, त्या वेळेत एका बुधवारी आम्ही बसलो. पहिले साक्षीदार शिवाजी पार्कचे एक डॉक्टर. निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ, वय अठ्ठ्याहत्तर, रोज सकाळी मैदानाला चार फेऱ्या. दादरमधली बरीच जनता त्यांच्या हातून जगात आली आहे, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा. खुर्चीवर बसता बसता त्यांनी जबाब दिला, "सोपं आहे हे." मी लिहून घेतलं.

दुसऱ्या मिनिटाला, "अरेच्चा." मग, "गेलं कुठे?" मग खिडक्या गोळा झाल्या तेव्हा, "हे मी केलेलं नाही." फाइल साठवायच्या चौकटीत त्यांनी नाव टाइप केलं, तर ते चौकटीत उमटलंच नाही, संगणक ते नाव भलतीकडेच शोधायला लागला. "अहो, मी माझं नाव लिहितोय, मला शोधू नका," डॉक्टर संगणकाला म्हणाले. दहाव्या मिनिटाला सूची चार ठिकाणी उघडलेली होती आणि एकही बंद होत नव्हती. मागे ग्रंथपालांची खुर्ची करकरत होती. ते बोलत नव्हते, पण त्यांचा उजवा हात हवेत माऊस चालवत होता.

शेवटी डॉक्टर उठले. "माझं वय झालं हो," असं म्हणाले. तेही मी लिहिलं. मात्र लिहिताना मला राग आला. बटण सापडत नाही याचा वयाशी काय संबंध? दिव्याचं बटण त्यांना सापडतंच की.

मधल्या तिघांचं थोडक्यात सांगते. एक बाई सरकपट्टी शोधत राहिल्या, एकांनी तीन रेघांना डाग समजून रुमालाने पुसलं, आणि एक गृहस्थ तीनही कामं बिनचूक करून गेले. त्यांच्या मुलाच्या घरी हेच आहे म्हणे. ग्रंथपालांनी त्या गृहस्थांकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता मिठी मारतात.

पाचवी साक्षीदार माझी थोरली जाऊ. लालबागला राहते, बहात्तर वर्षांची. मी मूळची गिरगावची, त्यामुळे लग्नानंतर मालवणी मी तिच्याकडूनच शिकले, आणि ती कुणावर तरी चिडलेली असतानाच शिकले. संगणकाला तिने जन्मात हात लावला नव्हता, पण मोबाइलवर ती सगळ्या नात्यागोत्याला रोज सकाळी फुलं पाठवते.

आमच्या संगणकावर मराठी लावलेली आहे. जाऊबाईने सूची उघडली, कशी ते तिलाही कळलं नाही. नाव लिहिलं. साठवणं राहून गेलं. मग बंद करायला म्हणून उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात गेली, तिथली यादी खाली आली, आणि ती चष्मा वर करून मोठ्याने वाचू लागली. एका ओळीवर थांबली.

"गो," ती मला म्हणाली, "हो मेलो माका भायर पड सांगता."

तिथे खरंच लिहिलेलं होतं, 'बाहेर पडा'. 'लॉग आउट'चं मराठी, आपण उठून संगणक दुसऱ्यासाठी मोकळा करायचं बटण.

"वहिनी, तुम्हाला नाही ते..." मी बोलून गेले आणि जीभ चावली. चौकशीत लघुलेखकाने बोलायचं नसतं.

"मग कोणाक? हयसर मीच बसलंय! मी कित्याक भायर पडू? तू बोलवलंस म्हणान मी इलंय." आणि संगणकाकडे वळून, "मेल्या, तूच पड भायर."

तिने यादीतलं दुसरं काहीतरी दाबलं. ते योग्यच होतं, बंद करायचं. पण लगेच मधोमध चौकट आली, की साठ सेकंदांत संगणक आपोआप बंद होईल, आणि आकडे उलटे फिरू लागले. एकोणसाठ. अठ्ठावन्न.

जाऊबाई खुर्ची मागे सारून उठली. पिशवी उचलली. "उठा सगळी!" असं ओरडून तिने माझा दंड धरला आणि ओढलं. मी वही धरून होते, अक्षर वाकडं गेलं ते आजही त्या पानावर तसंच आहे. दाराशी पोचल्यावर तिला दिसलं की ग्रंथपाल अजून बसलेत. "ओ मास्तर, तुमका येगळा सांगूक होया काय?"

आणि ग्रंथपाल, ज्यांनी दोन तास दातांवर दात ठेवले होते, ते फुटले. "अहो काकू, काही होत नाही! नुसतं बंद होतंय ते! वाचा ना नीट!"

"वाचलंय म्हणान तर उठलंय," जाऊबाई म्हणाली.

मी तेही लिहून घेतलं.

दोन दिवस लागले मला सगळं टाइप करायला. इंग्रजीत बावीस पानं. कोण बोललं, कितव्या मिनिटाला, स्क्रीनवर तेव्हा काय होतं. भाषांतर शब्दशः. 'मेल्या' या शब्दाला मी 'हे मृत माणसा' असं लिहून खाली टीप दिली, की हे संबोधन आमच्या घरी राग आणि माया दोन्हींसाठी वापरलं जातं, इथे राग समजावा.

पाठवण्याआधी ग्रंथपालांना वाचायला दिलं. त्यांनी पूर्ण वाचलं आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"हे माझं वाक्य काढता येईल का, मॅडम?"

"नोंद झालीय, सर."

"साक्षीदार नव्हतो मी."

"मग 'उपस्थितांपैकी एक, न राहवून' असं करते. पण वाक्य राहील."

त्यांनी खिशातली पेनं काढून पुन्हा लावली. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "पहिल्यांदा बसवलं ना मी हे, घरी, तेव्हा त्या कोपऱ्याने माझ्याही खिडक्या पळवल्या होत्या. मला वाटलं काहीतरी बिघडलं. तासभर शोधत होतो इंटरनेटवर."

"मग मला का नाही सांगितलं?"

"कसं सांगणार? दुसऱ्या दिवशी मी इथे सगळ्यांना सांगत सुटलो होतो, किती सोपं आहे म्हणून."

मी विचारलं, हे जबाबात घालू का? ते म्हणाले, नको. मग पाच मिनिटांनी परत आले आणि म्हणाले, घाला. तेव्हा बावीसची तेवीस पानं झाली. त्या दिवसापासून हा माणूस मला आवडायला लागला.

उत्तर यायला तीन आठवडे गेले. परदेशातून, नावावरून बाई की बुवा ते काही कळलं नाही. लिहिलं होतं, मी हे दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा नाही. तो साठ सेकंदांचा मजकूर माझाच आहे. तुमच्या जाऊबाईंना साठ सेकंदांनंतर काय होईल असं वाटलं होतं, ते कृपया विचाराल का?

मी त्याच संध्याकाळी लालबागला गेले. जाऊबाई तांदूळ निवडत होती. प्रश्न ऐकून तिने सूप खाली ठेवलं. कुठल्यातरी परदेशातल्या माणसाला आपलं मत हवंय याचं तिला अजिबात आश्चर्य वाटलं नाही, इतका उशीर का झाला याचं वाटलं.

"फुटतलो असा वाटला," ती म्हणाली. "उलटा मोजणा म्हणजे काय बरा असता काय? तेका सांग, बंद व्हायचा तर गपचूप हो. धमकी कित्याक देतस?"

हे मी तसंच पाठवलं. त्यावर तिकडे जी चर्चा सुरू झाली ती मी रोज वाचायचे, मालिका बघतात तशी. एक गट म्हणत होता, लोकांना सवय होते. दुसरा म्हणत होता, तेवीस पानं वाचा. एकाने विचारलं की ही जाऊबाई खरी आहे की बनवलेली. मला इतका संताप आला की मी 'आदरणीय महोदय' न लिहिताच उत्तर दिलं.

शेवटी दोन गोष्टी मान्य झाल्या. उलट मोजणी राहिली, पण चौकटीत वर ठळक अक्षरांत आलं की घाबरण्यासारखं काही नाही, लगेच बंद करायचं असेल तर हे बटण, नको असेल तर ते. आणि पहिल्यांदा संगणक सुरू करताना तो आता विचारतो, की कोपऱ्याची करामत हवी की नको. खिडकी खाली सारायचं बटण काही मिळालं नाही. ते माझ्या हयातीत मिळेल असं वाटत नाही.

'बाहेर पडा'च्या बाबतीत मात्र त्यांनी हात वर केले. मराठी शब्द आम्ही करत नाही, स्वयंसेवक करतात, आणि मराठीचा शेवटचा स्वयंसेवक बऱ्याच वर्षांत दिसलेला नाही. तुम्ही कराल का?

म्हणजे गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या कुणालाही 'बाहेर पडा' असं सांगितलं गेलं तर त्याला कुणीच वाली नव्हता. मी हो म्हटलं.

एका शब्दावर आम्ही तीन दुपारी घालवल्या. ग्रंथपालांना 'सत्रसमाप्ती' हवं होतं. मी म्हटलं, ही काय शाळा आहे? डॉक्टर म्हणाले, 'रजा घ्या'. त्यावर जाऊबाई, जी आता दर बुधवारी लालबागहून बस पकडून हजर व्हायची आणि सगळ्यांसाठी चिवडा आणायची, ती म्हणाली, एवढा काय डोक्याक ताप, माणूस घरातून निघताना काय म्हणता? 'येतो' म्हणता. ताच लिवा.

क्षणभर सगळे थक्क झालो. इतका चांगला शब्द. 'जातो' कुणी म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. मग डॉक्टरांनी हळूच विचारलं, बायकांनी काय दाबायचं? 'येतो' की 'येते'? ग्रंथपालांनी दोन बटणं ठेवायची का असं विचारलं आणि स्वतःच डोक्याला हात लावला. शेवटी 'काम संपवा' यावर तडजोड झाली. कुणालाच तो शब्द आवडला नव्हता, त्यावरून तो सरकारी कामकाजाला योग्य असल्याचं मी ओळखलं.

सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आमच्या संगणकांवर आली. जाऊबाईला मुद्दाम बोलावून दाखवलं. तिने यादी उघडली, शब्द वाचला, मान हलवली. "बरा असा," म्हणाली. मग म्हणाली, "ही अक्षरा केवढी बारीक! ह्यां कोणाक सांगूचा?"

मराठीची जबाबदारी माझ्या नावावर लागली तसा मला पहिला तक्रारअर्जही आला, कोल्हापूरकडच्या एका गृहस्थांचा. 'काम संपवा' म्हणजे काय, त्यांचं काम संपलेलं नसतं, ते फक्त जेवायला उठलेले असतात. संगणकाने कोण कामचुकार ते ठरवू नये. मी उत्तर टाइप करायला घेतलं, अर्धं झालं, आणि वाचून पाहिलं. 'आपण कृपया लक्षात घ्यावं की हा शब्द पूर्ण विचारांती ठरवण्यात आला आहे.' मी ते खोडलं. त्यांचा नंबर मागवला, फोन केला आणि वही उघडली.

ते पाऊण तास बोलले. त्यातली पाच मिनिटं बटणाबद्दल होती. बाकीची त्यांच्या धाकट्या भावाबद्दल, जो शेजारीच राहतो आणि यांचा संगणक न विचारता वापरतो, आणि वापरून झाल्यावर कधीच काम संपवत नाही. मी सगळं लिहून घेतलं. ग्रंथपालांना दाखवलं तर ते म्हणाले, मॅडम, भावाचा भाग तिकडे पाठवू नका. पण त्या भावामुळेच तर हे बटण लागतं. तेव्हा पाठवला.